मानधन मागताना मान खाली घालू नका

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५५. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी २९ वर्षं काढली. आधी स्टोअरमध्ये, शेवटची बारा वर्षं अकाउंट्समध्ये. गेल्या दिवाळीत कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) देऊ केली, त्यांनी घेतली. त्याच सुमारास आई आजारी पडली आणि चार महिने रुग्णालयाच्या चकरा झाल्या. सरकारी योजनेचे कागद अडले तेव्हा तिथल्या एका बाईंनी, ओळख ना पाळख, तीन दिवस मागे लागून ते मार्गी लावले. आईला जाऊन आता सात महिने झाले. उरलेली वर्षं अशाच कामात घालवावीत, हे तेव्हापासून त्यांच्या मनात आहे. समोर दोन जागा आहेत. एक ओळखीतून आलेली: अंबडच्या कारखान्यात स्टोअर इन्चार्ज, ३८ हजार, आठवड्याआड रात्रपाळी. दुसरी बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय करणाऱ्या एका ट्रस्टमध्ये: हिशेब सांभाळायचे आणि नातेवाइकांना कागदपत्रांत मदत करायची, १६ हजार. मेव्हणे म्हणतात, "समाजसेवाच करायची तर पैसे कसले घेतोस? आणि पैसेच हवेत तर कारखाना काय वाईट?" त्याआधी दुसऱ्या एका संस्थेतल्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाने मुलाखतीत "काका, तुम्ही आमच्यात रमाल का?" असं विचारलं आणि पुढे काही कळवलंच नाही. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, नसल्याची खंत आहे. आणि पत्राच्या शेवटी एक प्रश्न: "या वयात मी अशी जागा अडवून एखाद्या तरुणाच्या पोटावर पाय तर देत नाही ना?" कारखान्याला महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे.

नमस्कार.

तुमच्या मेव्हण्यांचं वाक्य आधी घेते, कारण बाकी सगळं पत्र त्याच्याच ओझ्याखाली वाकलंय. सेवा म्हटली की ती फुकटच हवी, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की तुम्हीही पत्रात "मानधन घेणं योग्य आहे का" असं दबकत विचारलंय. परिचारिका पगार घेते. अग्निशमन दलाचा जवान पगार घेतो. त्यांच्या कामाला कुणी कमी लेखत नाही. मग ज्या माणसाला महिन्याचा किराणा भरायचा आहे, त्यानेच रुग्णाच्या नातेवाइकाला मदत करताना पैशाचं नाव काढू नये, हा नियम कुठून आला? या नियमाने एवढंच होतं की भरभक्कम पेन्शनवाले तेवढे समाजकार्यात दिसतात आणि तुमच्यासारखी कारखान्यात आयुष्य घातलेली माणसं मनात असूनही बाहेर राहतात.

मोबदल्याला दुसरीही बाजू आहे. पगार घेणाऱ्याला सकाळी दहाला हजर राहावं लागतं. त्याने चूक केली तर त्याला बोलता येतं. सुरगाण्याहून पहाटेच निघून आलेला बाप खिडकीपाशी उभा असताना "आज आमचे काका आले नाहीत, नातवाचा वाढदिवस आहे" हे उत्तर चालत नाही. मोबदला घेतला की ते काम तुमच्या सवडीवर राहत नाही, रुग्णाच्या गरजेवर जातं.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त आवडला. तरुणांच्या पोटावर पाय येतो का? येऊ शकतो. पण कशामुळे येतो ते नीट बघा. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटी पद्धतीने घ्यायचं ठरवलं. महिना २० हजार, वयाची मर्यादा ७०. डीएड करून, पात्रता परीक्षा देऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी मुलं संतापली आणि माझ्या मते त्यांचा संताप रास्त होता. निवृत्त शिक्षकांचं शिकवणं वाईट होतं, असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. पेन्शन मिळणारा माणूस कमी पैशांत उपलब्ध आहे म्हटल्यावर पूर्ण पगाराची जागा भरायची घाई कोण करणार, हे त्यांचं दुखणं होतं. तरुणाची वाट अडते ती आपल्या स्वस्त असण्याने. उद्या तुम्ही त्या ट्रस्टमध्ये फुकट बसायला लागलात, तर एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीला तिथे कोण नेमेल? "आमच्याकडे काका येतात की, पैसेही घेत नाहीत," असं म्हणून तिला परत पाठवतील. म्हणजे तुमच्या मेव्हण्यांचा सल्ला मानला तर तुम्हाला वाटणारी भीतीच खरी होईल.

म्हणून १६ हजारांना लगेच होकार देऊ नका. आधी ट्रस्टला विचारा: या जागेवर पूर्वी कोण होतं, त्यांना काय मिळत होतं? त्यांना बावीस हजार मिळत असतील आणि तुम्ही "घरी बसलेले" म्हणून सोळा देत असतील, तर ते तिथेच बोलून दाखवा. जागा नवीन असेल तर विचारा की तुमच्या हाताखाली एखादा बीकॉम झालेला मुलगा किंवा मुलगी वर्षभरात तयार करता येईल का. ही अट तुम्ही स्वतः घाला. ती घालणारा माणूस कुणाच्या पोटावर पाय देत नाही.

कमी पैशांत तयार व्हायचं खरं कारण मला वेगळंच दिसतं. तुम्ही स्वतःला "या क्षेत्रात नवखा" म्हणता. क्षेत्रात नवखे असाल, कामात नाही. लहान ट्रस्टचा कारभार आतून बघितलेल्या कुणालाही विचारा, तिथे अडतं कुठे? कळवळा असतो, माणसंही असतात. अडतं कागदात. संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या १२-ए आणि ८०-जी या नोंदण्या १ एप्रिल २०२१ पासून कायमच्या राहिल्या नाहीत, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. देणगीदारांची माहिती देणारं विवरणपत्र दरवर्षी मुदतीत भरावं लागतं, नाही भरलं तर दंड लागतो आणि देणगीदाराची करसवलतही अडकते. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातला पैसा घेतला की विनियोगाचा पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. कितीतरी चांगल्या संस्था इथे धापा टाकतात. तुम्ही बारा वर्षं ऑडिटरसमोर व्हाउचर ठेवली आहेत, त्याआधी स्टोअरमध्ये शिल्लक मोजून रजिस्टरशी जुळवली आहे. चादरी, औषधं, धान्य दान म्हणून येतं आणि कुठे जातं कुणाला कळत नाही, तिथे तुमच्यासारखा माणूस लागतो.

नातेवाइकांच्या कागदांचंही तसंच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण रेशनकार्डावर "सखूबाई" आणि आधारवर "सखुबाई" असलं की गाडी अडते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हे पेठ तालुक्यातून आलेल्या कुटुंबाला कोण सांगणार? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, कोणता कागद आधी आणि कोणता नंतर, कोणत्या टेबलावर फाइल थांबली आहे, हे शोधायला चिकाटी लागते आणि आवाज न चढवता पुन्हा पुन्हा विचारता यावं लागतं. खरेदी विभागाकडून अडकलेलं बिल सोडवून आणताना तुम्ही हेच करत होता.

एमएसडब्ल्यूबद्दल स्पष्ट सांगते. मोठ्या रुग्णालयांतल्या वैद्यकीय समाजसेवकाच्या जागेला ती पदवी लागते आणि लागायलाच हवी. ते प्रशिक्षित काम आहे. पण तुम्हाला आलेली जागा ती नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने एमएसडब्ल्यू करता येतं. दोन वर्षांनी तसं वाटलं तर जरूर करा. आज पदवीमागे लागलात तर ती निर्णय पुढे ढकलायची पळवाट होईल. फक्त दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा: स्वतःला समुपदेशक म्हणवू नका, आणि रुग्णाचे पैसे कधीही स्वतःच्या हातात घेऊ नका, खिडकीपर्यंत नेऊन द्यायलासुद्धा नाही. रुग्णालयांच्या आवारात "काम करून देतो" म्हणणारे दलाल असतात. गांजलेल्या माणसाला तुमच्यातला आणि त्यांच्यातला फरक दिसावा लागतो.

आता पैशांचं. तुम्ही "किमान २५ हजार हवेत" लिहिलंय, पण खाली दिलेला हिशेब वेगळं सांगतो. घरखर्च ३१ हजार, पत्नीचा पगार १४ हजार. तूट १७ हजारांची. मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी वेगळी काढून ठेवली आहे, असंही तुम्हीच लिहिलंय. मग २५ हा आकडा आला कुठून? मला वाटतं तो गरजेतून आलेला नाही, "इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला एवढे तरी मिळायलाच हवेत" या भावनेतून आला आहे. ती भावना खोटी नाही. पण तिला घरखर्चाच्या वहीत लिहू नका, गफलत होते.

वहीत जे सुटलंय ते मात्र लिहा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला का? संपला असेल तर दोघांच्या हप्त्याची रक्कम त्या १७ हजारांत मिळवा. ट्रस्टला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर २१ हजारांपर्यंतच्या पगारावर तुम्ही आणि कुटुंब त्यात येता. सोळा हजारांच्या नोकरीत ही मोठी गोष्ट आहे. पीएफ कापतात का, तेही विचारा. आणि नेमणूकपत्र लेखी घ्या. चांगल्या कामाच्या ठिकाणी कागद मागायला लाजू नये.

"तीन वर्षांनी पेन्शन सुरू होईल, मग प्रश्न मिटेल" हे तुमचं वाक्य मला काळजीचं वाटलं. ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शनची गणना ज्या पगारावर होते त्याला १५ हजारांची मर्यादा आहे. त्या मर्यादेवर पूर्ण ३५ वर्षं धरली तरी महिना साडेसात हजार होतात, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधी ही मर्यादा साडेसहा हजारच असल्याने तुमच्या वाट्याला त्याहून बरेच कमी येतील. घाईने आत्ताच सुरू केली तर ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापले जातात, तेही कायमचे. तेव्हा तीन वर्षं कशीबशी काढायचा विचार सोडा आणि पुढची दहा वर्षं निभेल असं काम निवडा. या हिशेबात रात्रपाळीचा कारखाना डावा पडतो. साठीला रात्रपाळी कोण देईल, आणि तुमचं शरीर ती कुठवर झेपवेल? हिशेब आणि कागदांचं काम सत्तरीपर्यंत होऊ शकतं.

तरीही एक गोष्ट मला तुमच्याशी बोलायलाच हवी. आईला जाऊन सातच महिने झालेत.

माझे वडील गेले त्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी एका रुग्णालयात जायला लागले. वृद्ध रुग्णांशी बोलायचं, वाचून दाखवायचं, एवढंच काम होतं. तीन आठवड्यांत थांबले. प्रत्येक खाटेवर मला वडीलच दिसायचे. एका आजोबांनी पाणी मागितलं तेव्हा मला इतकं भरून आलं की पाणी त्यांच्याच सुनेने दिलं आणि वर मलाही दिलं. दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा मला ते आजोबा, ती आजी, त्यांचं दुखणं दिसायला लागलं. तोवर मी माझ्याच दुःखापाशी जात होते, आणि त्याचा भार रुग्णांवर पडत होता.

तुमचं तसंच होईल असं नाही. दुःखातून सुरू झालेलं काम टिकतंही. पण हे आधी तपासता येतं. महिनाअखेरीला अजून दिवस आहेत. ट्रस्टला सांगा की दहा-बारा सकाळ मी तुमच्याकडे येऊन बसतो, बघतो. आईच्या आजाराचाच रुग्ण समोर येईल त्या दिवशी रात्री झोप लागते का, ते स्वतःला विचारा. झोप उडाली तरी नकार देऊ नका. अशा वेळी ट्रस्टला सांगा की पहिले सहा महिने मी फक्त हिशेब बघेन, खिडकीवर नंतर बसेन. हिशेबाचं कामही त्याच लोकांच्या उपयोगाचं आहे.

त्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाबद्दल. उत्तर न कळवणं चुकीचंच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण "रमाल का" या प्रश्नात त्याची खरी भीती असावी: वडिलांच्या वयाच्या माणसाला मी काम कसं सांगू, आणि सांगितलं तर ते ऐकतील का? ट्रस्टमध्येही तुमच्याहून लहान कुणीतरी तुमच्या वर असेल. त्यांना पहिल्याच भेटीत म्हणा, "मला काम सांगायला संकोच करू नका, चुकलं तर तोंडावर सांगा." आणि पहिले तीन महिने "आमच्या कंपनीत असं नव्हतं" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका, ते खरं असलं तरी. बायोडेटाही बदला. पाच पानी पदांच्या यादीऐवजी एका पानावर लिहा की तुम्ही दिवसभरात नेमकं काय करू शकता.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं लिहिते. बँकेतून निवृत्त झालेल्यांना बँकांची वित्तीय साक्षरता केंद्रं आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मानधनावर घेतात. जाहिराती बँकांच्या संकेतस्थळांवर निघतात. डिप्लोमा झालेल्या, यंत्रावर हात बसलेल्या माणसांनी जवळच्या आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावरच्या निदेशकांची चौकशी करावी. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं. २००९ पासूनच्या या योजनेत निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निवडीसाठी नावानिशी उल्लेख आहे. प्रशिक्षण तेच देतात. मानधन कामाच्या दिवसापुरतं असतं, त्यावर घर चालणार नाही, पण घर दुसऱ्या उत्पन्नावर चालत असेल तर हे काम सोन्यासारखं आहे. साठी ओलांडलेल्यांसाठी केंद्र सरकारचं 'सेक्रेड' नावाचं नोंदणी पोर्टल ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. नाव नोंदवून ठेवावं, पण त्याच्या भरवशावर बसू नये. अशी कामं अजूनही मुख्यतः प्रत्यक्ष जाऊन विचारल्यानेच मिळतात.

ज्या भगिनी पन्नाशीत "आशा ताई व्हायचंय" म्हणून लिहितात, त्यांना आधीच सांगते: आशांची निवड साधारण २५ ते ४५ या वयात करतात. तिथे खेटे घालण्यापेक्षा वृद्धांच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण बघा. मात्र घरोघरी शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोत नाव घालण्याआधी विचारा की रुग्णाला उचलायला दुसरं माणूस असतं का. पन्नाशीनंतर पाठ एकदा गेली की कामही जातं आणि उपचाराचा खर्च वाढतो तो वेगळाच.

आता पुन्हा तुमच्याकडे. माझा कौल ट्रस्टकडे आहे, १६ ऐवजी २० मागून, १८ ला थांबून, लेखी नेमणूक आणि सुट्टीचे दिवस ठरवून. पण हा कौल अपुऱ्या माहितीवर आहे. तुमच्या पत्रात पत्नीचा पगार आहे, पत्नीचं मत कुठेच नाही. ट्रस्टची निवड केलीत तर घरातला जवळजवळ निम्मा पैसा त्यांच्या पगारातून येईल आणि त्यांना कदाचित आणखी काही वर्षं जास्त नोकरी करावी लागेल. म्हणजे तुमच्या या कामात त्या पहिल्या दिवसापासून भागीदार आहेत. वही त्यांच्यापुढे ठेवा आणि आपली इच्छा सांगायच्या आधी त्यांचं ऐका. त्यांनी "मुलीची नोकरी लागेपर्यंत एक वर्ष कारखाना करा" म्हटलं तर तोही पर्याय चुकीचा नाही. ट्रस्टला मात्र तसं सांगून ठेवा आणि रविवारी तिथे जात राहा.

आणि कारखान्याला उत्तर देण्याआधी एक सकाळ काढा. ज्या बाईंनी आईचे कागद मार्गी लावले त्यांचं नावही विचारायचं राहिलं, असं तुम्ही लिहिलंय. वॉर्ड तर माहीत आहे. तिथे जा, आई गेल्याचं त्यांना सांगा, चहाला बसवा. दिवसभरात त्यांच्याकडे किती माणसं येतात, कुठल्या गोष्टीने त्या थकतात, घरी गेल्यावर काय होतं, हे सगळं विचारा. त्यांना पगार किती मिळतो, तेही विचारा.